तब्येतीचा हिशेब आधी, दुकानाचा नंतर

पिंपळगाव बसवंत हे कष्टाचे गाव आहे. पावसाळ्यानंतर टोमॅटो, मग द्राक्षे, पाठोपाठ उन्हाळ कांदा. वर्षातले बहुतेक महिने इथे कोणी ना कोणी ओझे उचलत असतो, क्रेट भरत असतो, नाही तर मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्रीची गाडी हाकत असतो. ज्याचे शरीर चालते त्याला इथे काम मिळते. प्रश्न येतो तो शरीर पूर्वीसारखे चालेनासे झाल्यावर. डॉक्टर म्हणतात, "जड काम बंद करा." हमालाने जड काम बंद करायचे म्हणजे काय करायचे, हे मात्र कागदावर लिहिलेले नसते.

अशी माणसे आमच्या कापडाच्या धंद्याकडे वळतात. त्यांना वाटते, कापडवाला गादीवर बसतो आणि मोजून देतो, त्याला कष्ट कुठले? कोणाच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली असते, कोणाची साखर वाढलेली असते, कोणी मालेगावच्या मागावर पंधरा-वीस वर्षे काढून छाती खराब करून घेतलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेठ, पन्नास हजारात काय होईल?" आम्ही उलट विचारतो, "दिवसातून किती तास सलग बसता येते? किती वेळ उभे राहता येते? महिन्यातून किती दिवस बिछान्यात जातात?" बऱ्याच जणांकडे याचे उत्तर नसते. पैशांचा अंदाज सगळे करून येतात, शरीराचा कोणी करत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, भांडवल जमवण्याआधी एक महिना वही ठेवावी. सकाळी किती वाजता अंगात ताकद येते, दुपारी केव्हा थकवा येतो, गोळी घेतल्यावर किती वेळ डोके जड राहते, दवाखान्यात कोणते वार जातात, हे रोज लिहावे. महिन्याच्या शेवटी जे तास उरतील तेच आपले खरे भांडवल. आठवड्यात तीनदा डायलिसिस घेणाऱ्याचे उदाहरण पाहा. एका वेळेला सुमारे चार तास यंत्रावर जातात, त्यात जाण्या-येण्याचा वेळ धरला की तीन दिवस जवळजवळ संपले. अशा माणसाने एकट्याने दुकान उघडण्याची गोष्ट करू नये. घरातल्या कोणासोबत उघडले तर गोष्ट वेगळी. क्षयाच्या रुग्णाचे गणित निराळे आहे. साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि नीट घेतले तर माणूस बरा होतो. त्याने घाईने जन्माचा धंदा बदलण्यापेक्षा सहा महिने निभावण्याची सोय पाहावी.

मागवाल्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण मालेगाव आमच्यापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे आणि तिथला माल व तिथली माणसे दोन्ही आमच्याकडे येतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, म्हणून विलायतेत त्याला सोमवारचा ताप म्हणत. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तेव्हा तिथे त्याला शनिवारचा ताप म्हणायला हवे! सुरुवातीला धुळीतून बाहेर पडल्यास आराम पडतो. वर्षानुवर्षे तिथेच राहिल्यास फुप्फुस कायमचे बिघडते. अशा माणसाने मागावरून उठून कापूस पिंजण्याच्या किंवा गाद्या भरण्याच्या धंद्यात जाणे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडणे होय. कांद्याच्या चाळीतही त्याने जाऊ नये. तयार कपडे, रुमाल, ओढण्या, मोजे-बनियन असा घडी घातलेला बंद माल त्याला चालतो.

आता मालाबद्दल. आजारी माणसाने नाशवंत मालापासून दूर राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. टोमॅटोची गाडी भरली आणि तीन दिवस ताप आला तर मुद्दल गेले. कापड तीन दिवसांनी तेच असते. पण कापड सोपे आहे असेही कोणी समजू नये. ताके उचलावे लागतात, वरच्या फळीवरचा माल काढावा लागतो, एका गिऱ्हाइकापुढे वीस घड्या उलगडल्या की त्या पुन्हा घालाव्या लागतात. हृदयाचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन झालेल्याने शर्टिंग-सूटिंगच्या ताक्यांचे दुकान काढू नये. ब्लाऊज पीस, अस्तर, लहान मुलांचे कपडे असा हलका माल ठेवावा आणि फळ्या छातीच्या उंचीपर्यंतच लावाव्यात. शिलाईचेही तसेच. पायात अधूपणा असेल तर मशीनला मोटर बसवून काम होते. पण साखरेमुळे डोळ्यांचा पडदा बिघडलेल्या माणसाला काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. त्याने शिलाईवर पैसे घालण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. घरी पिको-फॉल करणाऱ्या आपल्या भगिनींना हे आवर्जून सांगावेसे वाटते. डोळे गेले तर मशीन कोपऱ्यात पडून राहते.

भांडवल अडकू नये यासाठी आपल्या बाजारात जुनी सोय आहे, ती म्हणजे जांगड. माल घेऊन जायचा, विकला तेवढ्याचे पैसे द्यायचे, उरलेला ठरल्या मुदतीत परत करायचा. यात नफा थोडा कमी सुटतो. पण मध्येच आजारपण आले तर कर्जाचा डोंगर उभा राहत नाही, गठ्ठा जसा नेला तसा परत येतो. नव्या माणसाने पहिला मोसम जांगडीवरच काढावा. मात्र मुदत आणि नग चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. तोंडी जांगडीतून भांडणे होतात.

आजारी माणूस आणि धंदा हा विषय निघाला की वरोऱ्याच्या आनंदवनाची आठवण होते. बाबा आमटे हे वकील. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या खडकाळ जमिनीवर मोजके कुष्ठरोगी घेऊन काम सुरू केले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. ज्यांना गावाने हाकलले होते त्याच लोकांनी विहीर खणली, भाजी पिकवली. पुढे हातमाग आले, पत्र्याचे डबे आले, छपाई आली. भीक घालण्यापेक्षा काम देण्यावर बाबांचा भर होता, हे सर्वांना ठाऊक आहे. व्यापाऱ्याच्या नजरेला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अडचण माल पिकवण्यात आली त्याहून जास्त ती विकण्यात आली. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी घ्यायला वरोऱ्याचे लोक सुरुवातीला तयार नव्हते. परदेशातून श्रमदानाला आलेले तरुण तिथे राहिले, तीच भाजी खाऊन त्यांनी काम केले, तेव्हा कुठे लोकांची भीती चेपत गेली.

म्हणजे आजारी माणसाच्या धंद्यात औषधाइतकाच गिऱ्हाइकाच्या मनाचाही विचार करावा लागतो. क्षयरोग खोकल्यातून, हवेतून पसरतो, कापडाच्या घडीतून नाही. उपचार घेत असलेल्या कुष्ठरोग्यापासून रोग पसरत नाही. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यापासून तर हा आजार पूर्ण बरा होतो. तरीही लोक कुजबुजतात. अशा वेळी आपला आजार चारचौघात सांगावा की नाही? आमचे मत असे की, घरच्यांना, भागीदाराला आणि ज्याच्याकडून उधार माल घेतो त्या ठोक व्यापाऱ्याला खरे सांगावे. गिऱ्हाइकाला सांगण्याची सक्ती नाही. क्षयाचे औषध नुकतेच सुरू झाले असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुकानात बसू नये, इतकी जबाबदारी मात्र आपलीच.

कुष्ठरोगात नस मरते आणि हातापायाची जाणीव जाते. चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जाते. हीच गोष्ट मधुमेहात पायाची होते. म्हणून कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेली मऊ रबराची, एमसीआरची चप्पल आज मधुमेहाच्या रुग्णांनाही देतात. आमच्या भागात पाठीवर गठ्ठा घेऊन किंवा मोटारसायकलवर वाड्या-वस्त्यांत फेरी करणारे कापडवाले पुष्कळ. त्यांच्यात साखरेचा आजार आता घरोघरी आहे. फेरीवाल्याचे दुकान म्हणजे त्याचे पाय. त्याने अनवाणी चालू नये, चप्पल घालण्याआधी आत खडा-खिळा आहे का ते हात घालून पाहावे आणि रात्री घरी आल्यावर दोन्ही तळवे उजेडात तपासावेत. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरच्याकडून पाहून घ्यावेत. इन्सुलिन घेणाऱ्याने बाटली मोटारसायकलच्या डिकीत टाकून एप्रिल-मेच्या उन्हात फिरू नये, औषधाचा जोर कमी होतो. फ्रिज नसलेल्या घरात मातीच्या मडक्याचा गारवाही उपयोगी पडतो. आणि खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. जेवण चुकले, हात कापू लागले, घाम फुटला, तर आधी साखर तोंडात टाकावी, सौदा नंतर. रमजानमध्ये ईदच्या खरेदीची गर्दी आणि रोजे एकत्र येतात. ज्यांना साखर आहे त्यांनी महिना-दीड महिना आधी डॉक्टरांशी बोलून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. ऐन बाजारात चक्कर येऊन पडण्यात कोणाचा फायदा नाही.

महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. डोळ्यांच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडी लावली आणि तिथून सनराइज कँडल्स उभी केली, जिथे अंध माणसांनाच काम मिळते. त्यांनी निवडलेला माल स्पर्शाने आणि वासाने ओळखता येतो, डोळ्यांवाचून काम अडत नाही. शिवाय पत्नी नीता यांची साथ त्यांना आहे. माल शरीराला जुळणारा आणि घरातला दुसरा माणूस धंद्यात, या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या.

दुसऱ्या माणसाची किंमत किती, हे आकड्यात पाहू. समजा, छोट्या दुकानाची रोजची विक्री १,६०० रुपये आणि सुटणारा नफा शेकडा २०. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडे राहिले तर विक्री ४१,६०० आणि ढोबळ नफा ८,३२० रुपये. त्यातून भाडे २,०००, औषधे १,२०० आणि दवाखान्याचे जाणे-येणे ५०० असे ३,७०० वजा केले की हातात ४,६२० उरतात. आता पाच दिवस आजारपणात दुकान बंद राहिले. नफा ६,७२० वर आला, खर्च मात्र तेवढाच, हातात ३,०२०. म्हणजे विक्री पाचव्या हिश्श्याने घटली, पण कमाई एक तृतीयांशाहून जास्त घटली! भाडे आणि औषध बंद दुकानालाही चुकत नाही. त्या पाच दिवसांत रोज २०० रुपये देऊन कोणाला बसवले असते तरी रोजचे १२० रुपये वाचले असते, आणि बंद शटर पाहून गिऱ्हाईक शेजारी गेले नसते ते वेगळेच. म्हणून पत्नीला, मुलाला, भाच्याला भाव, मालाची जागा आणि हिशेब पहिल्या दिवसापासून माहीत हवा. मोबाईलवर पैसे येतात ते खाते घरात आणखी कोणाला बघता येते का, नॉमिनीचे नाव लागले आहे का, हे विचारणे वाईट वाटते, पण विचारावे.

औषधाचा खर्च घरखर्चात लपवू नये. रोजमेळात भाड्याशेजारी त्याचा वेगळा रकाना असावा. जनऔषधी केंद्रात तीच गोळी स्वस्त मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे.

उधारीबाबत आमचा अनुभव कडू आहे. शेतकरी गिऱ्हाईक माल विकल्यावर पैसे देतो आणि कांद्याचा भाव पडला की देत नाही. धडधाकट व्यापारी दहा चकरा मारून वसुली करतो. आजारी माणसाला त्या चकरा परवडत नाहीत. त्याने रोखीचाच धंदा करावा, भले गिऱ्हाईक निम्मे मिळो.

नोकरी सोडून धंद्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी एक इशारा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या पुष्कळ कामगारांच्या पगारातून राज्य कामगार विमा कापला जातो. २०१७ पासून त्याची पगाराची मर्यादा २१ हजार रुपये आहे, अपंग कामगारांसाठी २५ हजार. या विम्यात आजारपणाची रजा वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के दराने मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत दोन वर्षांची सलग नोकरी असल्यास ८० टक्के दराने लांब मुदतीची मदत मिळते. रागाने राजीनामा दिला की हे सगळे संपते. आधी हा हक्क वापरून उपचार पुरे करावेत, मग कापडाचा विचार करावा.

धंद्यात उतरल्यावर विमा आपला आपणच पाहायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. तिच्यात ऑपरेशन, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार असे मोठे खर्च कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत भागतात. रोजच्या गोळ्या तिच्यात नाहीत. खासगी विमा काढताना जुना आजार लपवू नये. लपवला तर ऐन वेळी दावा नाकारला जातो. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत पूर्वी चार वर्षे होती, २०२४ पासून ती तीन वर्षांवर आली.

कर्जाच्या योजना अनेक आहेत. मुद्रा योजना २०१५ ची, तिच्यात शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ चा. त्यात अल्पसंख्याक, स्त्रिया आणि अपंग हे सारे विशेष गटात येतात. स्वतःचा हिस्सा पाच टक्के आणि ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्क्यांपर्यंत, असे त्याचे नियम राहिले आहेत. सध्याचे नियम अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत. अपंगांसाठी राज्याचे वेगळे वित्त महामंडळ आहे, अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ आहे. व्याजाबद्दल ज्याची जी भूमिका असेल ती असो. आमचे म्हणणे एवढेच की हप्ता तारखेला येतो आणि आजारपण न विचारता येते. बंद दुकानाचा जो महिना वर दाखवला, त्या ३,०२० रुपयांतून घर चालवून हप्ता निघत असेल तरच कर्ज काढावे.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबत गैरसमज फार आहेत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, बरे झालेले कुष्ठरोगी, मानसिक आजार हे त्या यादीत येतात. मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार हे त्या यादीत नाहीत. साखरेपायी पाय कापावा लागला तर मात्र तो अस्थिव्यंगात धरला जातो. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते आणि दाखला सरकारी रुग्णालयाच्या तपासणीनंतरच मिळतो. दाखला काढून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल नाशिकला काय, कुठेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नये.

राहता राहिला मुहूर्त. पुष्कळ जण दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत दुकान उघडतात, कारण गिऱ्हाईक दिसते. निरोगी माणसाला ते चालते. आजारी माणसाने जून-जुलैच्या मंद दिवसांत सुरुवात करावी. गर्दी नसते, शरीराला बसण्याची सवय होते, चुकीचा माल कळतो आणि जांगडीचा गठ्ठा परत करायला वेळ मिळतो. श्रावणापर्यंत वहीतले तास आणि गल्ल्यातले रुपये जुळले, तर दिवाळीचा माल भरायला ऑगस्ट अखेर मालेगाव-इचलकरंजीची खरेदी करावी. तीही शक्यतो घरातला तरुण सोबत घेऊन. गठ्ठे उचलण्याचे काम त्याचे, भाव ठरवण्याचे आपले.